विषारी नको, कडू चालेल

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दारूची दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. त्याच्या आदल्या वर्षी आंध्र प्रदेशात प्रकाशम जिल्ह्यातल्या कुरिचेडू गावात हेच घडले होते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर बळी घेतले. तपशील वेगवेगळे असले तरी मेलेली माणसे बहुतेक हातावर पोट असलेलीच होती, आणि तिन्ही ठिकाणी पिण्यासाठी न बनलेले रसायन माणसाच्या पोटात गेले.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी अशा बातम्या वाचून नुसते हळहळून भागणार नाही, कारण अल्कोहोल हा आपल्या घरचा माल आहे. भुईंजचा किसन वीर, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, यशवंतनगरचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा या साखर कारखान्यांची नावे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. टनभर उसामागे या पट्ट्यात एकशेदहा-वीस किलो साखर निघते आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते. ती मळी आंबवून ऊर्ध्वपातन केले की साधारण दहा लिटर अल्कोहोल मिळते. त्यातले बरेचसे आता पेट्रोलमध्ये जाते. बाकीचे औषधे, रंग, अत्तरे, रसायने आणि २०२० पासून सॅनिटायझर यांच्या वाटेला जाते. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांना सॅनिटायझर बनवण्याचे परवाने मिळाले आणि त्यांनी ते तत्परतेने बनवले. ती कामगिरी मोठी होती. पण जे द्रव्य आपण बनवतो ते चुकीच्या तोंडी जाऊ नये, याची तजवीज बनवणाऱ्याच्या दारातच झाली पाहिजे.

ही तजवीज म्हणजे डिनेचरिंग. पिण्याच्या अल्कोहोलवर मोठा कर असतो, उद्योगाच्या अल्कोहोलवर तसा नसतो. म्हणून उद्योगाकडे जाणाऱ्या स्पिरिटमध्ये असे काही मिसळतात की ते पिता येऊ नये. मिसळायचे काय, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर प्रयोग चालू आहेत, आणि त्यातला सर्वांत जुना व सर्वांत निर्दय उपाय म्हणजे मिथेनॉल. १९२०च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी असताना तिथल्या सरकारने औद्योगिक अल्कोहोलमध्ये मिथेनॉलचे प्रमाण मुद्दाम वाढवले. चोरून पिणारे घाबरतील अशी अपेक्षा होती. माणसे प्यायची थांबली नाहीत, मरत मात्र गेली. न्यूयॉर्क शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी तेव्हाच या धोरणावर जाहीर कोरडे ओढले होते. मिथेनॉलचा घात असा की त्याला वेगळी चव नाही आणि धोक्याची सूचना देणारा वासही नाही. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. त्याने आधी दृष्टी जाते, मग प्राण. पिणाऱ्याला ते कळते तेव्हा कित्येक तास उलटून गेलेले असतात.

विषाने अडवायचे नसेल तर चवीने किंवा वासाने अडवावे लागते. आपल्याकडे पिरिडीन, क्रोटोनाल्डिहाइड ही उग्र वासाची द्रव्ये वापरात आहेत आणि डिनाटोनियमचे कडू क्षारही आहेत. परदेशात ब्रुसीनही वापरले गेले. ते कोकणात वाढणाऱ्या काजऱ्याच्या बियांमध्ये असते आणि ते स्वतःच विषारी आहे. पिरिडीनचा दर्प असा की तो खोलीत राहू देत नाही, त्यामुळे घरात वापरायच्या किंवा अंगाला लावायच्या वस्तूसाठी तो बाद ठरतो. या सगळ्या यादीत एक नाव ऊस पिकवणाऱ्यांना जवळचे वाटावे असे आहे, आणि आपल्या भागात त्याची फारशी चर्चा झालेली नाही. ते म्हणजे सुक्रोज ऑक्टाॲसिटेट, साखरेपासून बनणारे कडू रसायन.

साखरेच्या एका रेणूत बारा कार्बन असतात आणि आठ ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, बाहेर डोकावत असतात. या आठही जागी व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचा तुकडा बसवला की सुक्रोज ऑक्टाॲसिटेट तयार होते. पॉल शूत्झेनबेर्जे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ते प्रथम बनवले. त्याच्या रेणूत २८ कार्बन, ३८ हायड्रोजन आणि १९ ऑक्सिजन अणू असतात. त्या २८ कार्बनपैकी १२ साखरेचे आणि १६ ॲसिटिक तुकड्यांचे. ॲसिटिक आम्ल आणि त्यापासूनचे ॲसिटिक ॲनहायड्राइड ही रसायने अल्कोहोलपासून करता येतात, आणि आपल्याकडे अल्कोहोल मळीचे. म्हणजे मनात आणले तर या रेणूतला एकूण एक कार्बन आपल्याच उसातून आलेला असू शकतो. अल्कोहोलला पिण्यापासून वाचवणारी वस्तू त्याच मळीतून आणि त्याच साखरेतून निघावी, ही गोष्ट ऊसपट्ट्यातल्या माणसाला सुखावणारी आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही.

पण गोड वस्तू इतकी कडू होते कशी? जिभेवर गोड ओळखणारा ग्राहक एकाच जोडीचा आहे, तर कडू ओळखणारे ग्राहक माणसात पंचवीसच्या आसपास प्रकारचे आहेत. साखरेचे हायड्रॉक्सिल गट गोड ग्राहकात नेमके बसतात. ते झाकले गेले की रेणू तिथे बसेनासा होतो, तेलकट होतो, आणि कडूच्या ग्राहकांना चिकटतो. किती गट बदलले आणि कशाने बदलले यावर सगळे अवलंबून असते. आठपैकी तीनच जागी क्लोरीन बसवला तर साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असे सुक्रालोज मिळते. त्याचा शोध १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या शशिकांत फडणीस यांच्याकडून लागला. पदार्थ तपासून पाहण्याची सूचना त्यांनी चाखून पाहण्याची समजली आणि जिभेवर ठेवला, अशी ती हकिकत सांगितली जाते. शोध मोठा लागला, पण प्रयोगशाळेतली पांढरी पूड चाखणे हे कुणीही गिरवावे असे उदाहरण नाही. आपल्या महाविद्यालयांत ग्लुकोजपासून त्याचे पेंटाॲसिटेट बनवण्याचे प्रात्यक्षिक होते. तेही साखरेचेच भावंड. विद्यार्थ्यांना सुक्रालोजची गोष्ट सांगताना शिक्षकांनी, काहीही चाखू नये, हा तिचा दुसरा अर्धाही सांगावा.

हे कडूपण सगळ्यांना सारखे जाणवत नाही. १९७० मध्ये वॉरन आणि लुईस या संशोधकांनी दाखवले की उंदरांच्या काही वाणांना सुक्रोज ऑक्टाॲसिटेटचे पाणी नकोसे होते, तर काही वाण ते बिनदिक्कत पितात, आणि हा फरक आनुवंशिक आहे. चव कशी ओळखली जाते हे समजून घेण्यात या साध्या प्रयोगाचा पुढे फार उपयोग झाला. आपल्यासाठी त्याचा व्यावहारिक अर्थ असा की उसात शिरणारे उंदीर किंवा पाटण-शिराळ्याच्या बाजूची रानडुकरे असल्या फवाऱ्याने पळतील, असे कुणी सांगत आले तर शेतकऱ्याने पैसे मोजण्याआधी पुरावा मागावा. माणसाच्या जिभेला जे असह्य, ते जनावराला तसेच वाटेल असे नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र ते चोख काम करते. अमेरिकेच्या नियमांत विशेष डिनेचर्ड अल्कोहोलचे ४०-अ नावाचे एक सूत्र आहे. त्यात शंभर गॅलन अल्कोहोलला एक पौंड सुक्रोज ऑक्टाॲसिटेट आणि एक अष्टमांश गॅलन टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल घालतात. आपल्या मापात सांगायचे तर लिटरमागे साधारण १.२ ग्रॅम. शेजारच्या ४०-ब सूत्रात याच कामाला डिनाटोनियम बेंझोएट लिटरमागे जेमतेम पाच मिलिग्रॅम पुरते. डिनाटोनियम हे १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे, भूल देणाऱ्या लिग्नोकेनवर काम चालू असताना सापडले, आणि आजवर माहीत असलेल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. मात्रेच्या हिशेबात साखरेचे रसायन त्याच्यापुढे अडीचशे पट मागे पडते. म्हणून खर्चाचा हिशेब मांडणारा कारखानदार डिनाटोनियमकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही.

हाच आकडा दुसऱ्या एका भाबड्या अपेक्षेलाही लगाम घालतो. साखर शिल्लक पडते, तर तिचे असे काही करून भाव सावरता येईल का, असे आपल्याकडे लगेच विचारले जाते. एक लाख लिटर स्पिरिटला हे रसायन १२० किलो लागेल, आणि त्याच्या वजनाचा निम्मा भागच साखरेचा, म्हणजे साठ किलो साखर. एका पोत्याहून थोडी जास्त. यातून ऊसदर वाढणार नाही. याचे मोल निर्धोकपणात मोजायचे आहे.

या रसायनाची एक मर्यादा मात्र अधिक गंभीर आहे. हे रसायन उडून जाणारे नाही. ते ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते, पण अल्कोहोल तापवून वाफ धरली तर ते खाली भांड्यातच राहते. ज्याच्याकडे भट्टी आहे त्याला कडू स्पिरिट गाळून पुन्हा पिण्याजोगे करता येते. टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल सोबत घालण्याचे कारण हेच. ते ८२ अंशांच्या सुमारास उकळते, साधे अल्कोहोल ७८ अंशांना, त्यामुळे साध्या भट्टीत दोन्ही एकत्रच वर येतात आणि मूळ माल ओळखू येतो. डिनेचर्ड स्पिरिट पिण्याजोगे करण्याचा प्रयत्न आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यात गुन्हा आहेच. कडू द्रव्य भट्टीवाल्याला रोखणार नाही. ते रोखते घरातल्या मुलाला, चुकून बाटली उचलणाऱ्याला आणि तलफ अनावर झाल्याने समोर दिसेल ते तोंडाला लावणाऱ्याला. वणीची माणसे या शेवटच्या गटातली होती.

साताऱ्याकडे या विषयातला एक अनुभव आधीपासून आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, नारीत, डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गोड ज्वारीपासून अल्कोहोल करून त्यावर चालणारे कंदील आणि स्टोव्ह विकसित केले. निम्म्याच्या आसपास पाणी असलेल्या अल्कोहोलवरही जळणारा स्टोव्ह हे त्यांचे वैशिष्ट्य, कारण पाणी जितके जास्त तितका भडक्याचा धोका कमी. रॉकेलच्या स्टोव्हने भाजलेल्या बायका ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या पाहिल्या, त्याला या कामाची किंमत कळायला हवी होती. पण स्वयंपाकघरात अल्कोहोल आणायचे म्हटले की उत्पादन शुल्काचे नियम आडवे येतात, आणि सरकारची भीतीही अगदी निराधार नाही. चुलीचे इंधन संध्याकाळी ग्लासात जाऊ नये ही अपेक्षा रास्तच आहे. मिथेनॉल घातलेले इंधन स्वयंपाकघरात ठेवता येत नाही, पिरिडीनच्या दर्पात भाकरी भाजता येत नाही. बिनवासाचे, कमी विषारी, कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपलीकडे काही नसलेले कडू द्रव्य इथे तपासून पाहण्याजोगे आहे. ते न उडणारे असल्यामुळे वातीवर किंवा बर्नरवर काय साचते, हे मात्र चाचणी घेऊनच ठरवावे लागेल.

आता हाताळणीविषयी. या रसायनाला वास जवळजवळ नाही आणि रंग पांढरा, त्यामुळे ते साखर, मीठ किंवा पिठासारखे दिसते, आणि पहिला धोका तिथेच आहे. ते जेवणाच्या डब्याजवळ, चहाच्या साहित्याजवळ ठेवू नये, बिनलेबलच्या बरणीत तर मुळीच ठेवू नये. पूड बारीक असल्याने उघडताना हवेत उडते आणि ओठांवर, हातांवर, कपड्यांवर बसते. दिवसभर तोंड कडू राहते, आणि घरी गेल्यावर त्याच हातांनी भरवलेला घास लेकरू थुंकून टाकते. हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडावर धूळ अडवणारा मास्क घालूनच पोते उघडावे. कोणत्याही बारीक सेंद्रिय पुडीप्रमाणे हिची धूळ बंद जागेत साचून ठिणगी पडली तर पेट घेऊ शकते, म्हणून झाडूने उधळण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपावे. नुसत्या पाण्याने ती धुऊन निघत नाही, कारण लिटरभर पाण्यात ती जेमतेम ग्रॅमभर विरघळते. अल्कोहोलात मात्र सहज विरघळते. हात साबणाने नीट चोळून धुवावेत. मजला स्पिरिटने पुसायचा असेल तर आधी जवळची ज्योत, वेल्डिंग, विजेची ठिणगी बंद असल्याची खात्री करावी. साठवण कोरड्या, थंड जागी, झाकण घट्ट लावून करावी. तीव्र आम्ले आणि विशेषतः कॉस्टिकसारखे अल्कली तिच्याजवळ नकोत. त्यांच्या संपर्कात ॲसिटिक तुकडे सुटतात, कडूपणा निघून जातो आणि उरते ती पुन्हा साखर. टाकी कॉस्टिकने धुऊन नीट न खंगाळता त्यात माल भरला तर कागदावर कडू असलेले स्पिरिट प्रत्यक्षात कडू राहीलच असे नाही.

तयार पूड एकवेळ सांभाळता येते, ती बनवण्याचे काम मात्र वेगळ्याच जातीचे आहे. त्यासाठी लागणारे ॲसिटिक ॲनहायड्राइड डोळे, घसा आणि कातडी जाळते, पाण्याशी उष्णता फेकत अभिक्रिया करते आणि त्याची वाफ पेटते. शिवाय मॉर्फिनपासून हेरॉइन बनवण्यासाठी त्याचा गैरवापर होतो, म्हणून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ते नियंत्रित द्रव्य आहे. २०१३ च्या आदेशानुसार त्याच्या उत्पादनाला, व्यापाराला आणि वापराला नोंदणी व हिशेब लागतो. मळीपासून कडू रसायनापर्यंतची साखळी आपल्या भागात उभी राहावी असे वाटणाऱ्यांनी ही पायरी घरगुती उद्योगाची नाही हे आधी ध्यानात घ्यावे. तिथे परवानाधारक कारखाना, प्रशिक्षित माणसे आणि अग्निशमनाची पूर्ण व्यवस्थाच हवी.

कमी विषारी म्हणजे हवे तसे वापरायला मोकळीक, असाही अर्थ नाही. अमेरिकेत हे रसायन अन्नात अत्यल्प प्रमाणात स्वाददायी म्हणून मान्य आहे. मुलांनी नखे खाऊ नयेत, अंगठा चोखू नये म्हणून बोटांना लावायच्या औषधांतही ते असायचे. अंगावरचे दूध तोडताना आपल्याकडे कोरफडीचा गर लावतात, त्याच जातीचा उपाय. पण १९९३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा विनाचिठ्ठीच्या औषधांपुरता निर्णय दिला की सुक्रोज ऑक्टाॲसिटेट आणि डिनाटोनियम यांची परिणामकारकता पुरेशी सिद्ध झालेली नाही. अन्नातल्या एका उपयोगाची मान्यता दुसऱ्या उपयोगाला आपोआप लागू होत नाही, आणि ही शिस्त आपल्या अन्न व औषध प्रशासनानेही पाळावी. सॅनिटायझरचा प्रश्नही साधा नाही. आपण हाताने जेवतो. कडू द्रव्याचे सॅनिटायझर लावून थेट ताटावर बसले तर पहिला घास वाया जातो, आणि मग लोक सॅनिटायझरच वापरेनासे होतात. दवाखान्यातल्या बाटलीत ते असावे की नाही, किराणा दुकानातल्या बाटलीत असावे का, शाळेतल्या बाटलीत किती असावे, याचे उत्तर एकच असणार नाही.

कडू केलेले अल्कोहोल निरुपद्रवी होते असेही कुणी समजू नये. सॅनिटायझरमध्ये सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल असते. लहान मुलाने त्याचे काही घोट घेतले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कडूपणामुळे दुसरा घोट घेतला जात नाही, एवढाच त्याचा आधार. आणि मालवणीसारख्या प्रकरणात, जिथे विक्रेताच मिथेनॉल विकतो, तिथे कुठलेही कडू रसायन उपयोगाचे नाही. तिथे मिथेनॉलच्या प्रत्येक टँकरचा हिशेब लागतो.

हे सगळे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, ही पळवाट आता उरलेली नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा नियमनाचा अधिकार मान्य केला आणि सिंथेटिक्स अँड केमिकल्स प्रकरणातला सात न्यायमूर्तींचा जुना निकाल मोडीत काढला. राज्य उत्पादन शुल्क विभागाने हा अधिकार महसुलापुरता वापरू नये. घराघरात जाणाऱ्या प्रत्येक स्पिरिटमधून मिथेनॉल हद्दपार करणे आणि त्याजागी कडू द्रव्य व गाळताना न सुटणारे एखादे सोबती द्रव्य अनिवार्य करणे, हे त्याचे पहिले काम असावे. कोणते कडू द्रव्य, किती प्रमाणात आणि कोणत्या वापरासाठी, याच्या चाचण्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या अल्कोहोल विभागाला आणि आपल्या विद्यापीठ-महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना करता येतील. कारखान्यांनी त्यासाठी माल आणि थोडा पैसा द्यावा. ज्यांच्या आसवनीतून लाखो लिटर बाहेर पडते त्यांना हा भार जड नाही.

एक काम मात्र चाचण्यांची वाट न पाहता याच हंगामात होण्यासारखे आहे. स्पिरिटच्या प्रत्येक कॅनवर आणि बाटलीवर त्यात नेमके कोणते द्रव्य मिसळले आहे हे मोठ्या मराठी अक्षरांत छापावे. जत किंवा दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री बेशुद्ध माणूस आणला जातो आणि सोबतच्या नातेवाइकाच्या हातात रिकामी बाटली असते. तो नुसता अल्कोहोल प्यायला आहे की मिथेनॉल, यावर डॉक्टरांचे पुढचे सगळे उपचार ठरतात. मिथेनॉल असेल तर उतारा आणि डायलिसिस यांची धावपळ त्याच मिनिटाला सुरू करावी लागते, आणि त्या वेळी त्या बाटलीखेरीज त्यांना माहिती देणारे दुसरे काही तिथे नसते.